गवताआडची तोफ

व्हिडबी बेटावरचा फोर्ट केसी पहिल्यांदा पाहावा तो पाण्यावरून. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, अ‍ॅडमिरल्टी इनलेट या चिंचोळ्या सागरी वाटेच्या काठावर तो आहे. पोर्ट टाउनसेंडहून येणारी फेरी जवळजवळ त्याच्या पायथ्याशीच लागते. मान वर केली तर दिसतं काय? गवताचा उंचवटा आणि एक पांढरं दीपगृह. तट नाही, बुरूज नाही. काँक्रीटच्या भिंतींपुढे मातीचा रुंद भराव घातलाय. गोळा आलाच तर मातीत रुतावा, आणि कडा कुठे संपतो नि किल्ला कुठे सुरू होतो हे नेम धरणाऱ्याला कळू नये. लपण्यासाठी केलेलं बांधकाम इतकं देखणं क्वचितच असतं.

1890 च्या दशकात, ही वाट जिथे जाते त्या प्युजेट साउंड या खाडीचं तोंड राखायला केसी, वर्डन आणि फ्लॅग्लर अशा तीन किल्ल्यांचा त्रिकोण आखला गेला. पण खरी करामत पाहायची ती भरावाच्या मागे, 10 इंची तोफेपाशी.

तीस टनांहून जड नळी दोन दणकट भुजांवर तोललेली. भुजांच्या दुसऱ्या टोकाला शिशाचं प्रचंड वजन. तोफ भिंतीआड खाली असताना गोलंदाज ती निवांत ठासायचे. खटका सोडला की वजन खड्ड्यात उतरायचं आणि नळी भिंतीवर डोकं काढायची. बार उडाला की त्याच्याच धक्क्याने ती मागे, खाली, पुन्हा आडोशाला. वजन परत वर चढलेलं, पुढच्या बारासाठी तयार. जो धक्का एरवी गोलंदाजाचा वैरी, त्यालाच इथे कामाला जुंपलंय. या एका कल्पनेपाशी मी कितीही वेळ उभा राहीन.

आता नळीवरून हात फिरवा. पोलादावर खळगे लागतील. इथे तर कधी लढाई झालीच नाही! मूळ तोफा केव्हाच काढून नेल्या. विमानं आल्यावर, वरून उघडा असलेला हा आडोसा निरुपयोगी ठरला. आज आहेत त्या तोफा 1968 मध्ये फिलिपिन्सच्या सुबिक उपसागरातल्या फोर्ट विंटहून आणल्या. खळगे तिथल्या युद्धाचे. ते बुजवून रंग चढवला नाही, ही जपणाऱ्यांची समज मला फार मोलाची वाटते.

काँक्रीटमधल्या लोखंडी कड्याही चुकवू नका. अवजड तोफा सरकवताना दोर-कप्प्या याच कड्यांना अडकवायचे. खालची दारूकोठारं मात्र टॉर्च घेऊन पाहावीत. भर दुपारीही आत मिट्ट काळोख असतो.

1950 च्या दशकात इथे राज्य उद्यान झालं. कवायतीच्या मैदानावर आता पतंग उडतात. आणि गोळे झेलायला रचलेल्या त्या मातीच्या उतारावर माणसं पाठ टेकून पडलेली असतात, येणारी-जाणारी जहाजं बघत.