कुंडी आणि खिडकी

घरात निसर्ग आणण्याच्या कलेला हल्ली ‘बायोफिलिक डिझाइन’ म्हणतात. सदनिकांच्या जाहिरातींत हा शब्द दिसतो, सजावटकारांच्या दरपत्रकांतही दिसतो. प्रत्यक्षात बहुधा पदरात पडते ती कोपऱ्यातली मोठी कुंडी आणि भिंतीवरची हिरवळ, तीही कधी कधी प्लास्टिकची. ज्या संशोधनाचा हवाला देऊन हे विकले जाते ते नेमके काय सांगते, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

‘बायोफिलिया’ हा शब्द आधी एरिक फ्रॉम यांनी वापरला. एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञाने १९८४ साली त्याच नावाचे पुस्तक लिहून तो रूढ केला. माणसाला सजीवसृष्टीची उपजत ओढ असते, हे त्यांचे प्रतिपादन. त्याच वर्षी रॉजर उलरिच यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी अभ्यासल्या. जोडीतल्या एकाला खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. सजावटीच्या समर्थनार्थ हा अभ्यास आजही पुढे केला जातो. पण त्यात कुंडी कुठेच नाही. आहे ती खिडकी.

कुंडीच्या बाजूने साक्ष काढली जाते ती नासाच्या १९८९ च्या अहवालाची. झाडे हवेतील विषारी वायू शोषतात, हे त्यात दिसले खरे. पण ते प्रयोग हवाबंद पेट्यांत झाले होते. अशा प्रयोगांचा फेरआढावा २०१९ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी घेतला. इमारतीत हवेची जी ये-जा असतेच, तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे बसायलाही जागा उरायची नाही. कुंडी मन रमवते, तेवढे श्रेय तिला जरूर द्यावे. खिडकी उघडण्याचे काम तिच्यावर टाकू नये.

निसर्ग घरात आणायचा म्हणजे वस्तू आणायची नव्हे, ऋतूला वाट ठेवायची. मुंबईतील ‘कांचनजंगा’ ही १९८३ ची इमारत याचे चांगले उदाहरण आहे. पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच येते. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची युक्ती उचलली आणि कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या-बागा ठेवल्या. ऊन-पाऊस तिथे अडतो, वारा आत येतो.

ही श्रीमंतांची घरे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कोरियांचीच बेलापूरची वसाहत महत्त्वाची ठरते. तिथे ४५ ते ७५ चौरस मीटरचे भूखंड होते आणि आठ मीटर लांबी-रुंदीच्या चौकाभोवती सात-सात घरे. पुढे अनेक रहिवाशांनी ती पाडून मोठी बांधली, मोकळी जागा आक्रसली. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार निदान मला नाही. १९९६ साली आमच्या दोन खोल्यांच्या घराची गॅलरी आम्हीही सरकत्या काचा लावून बंद केली. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाला दुसरी जागा नव्हती. गॅलरीतली तुळस काचेच्या आत आली आणि दोन महिन्यांत वाळली.

त्यामुळे या शैलीबद्दलची माझी खरी तक्रार सौंदर्याची नाही. जागेच्या टंचाईने हिरावलेला उजेड आणि वारा ती चित्ररूपाने परत विकते, आणि टंचाईबद्दल अवाक्षर काढत नाही. अशा घराची पारख करताना झाडे मोजू नयेत. किती खिडक्या उघडतात आणि त्या कशावर उघडतात, हे आधी विचारावे.

मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यावर आम्ही गॅलरीच्या दोन काचा काढून टाकल्या. तुळस पुन्हा कठड्याशी आहे. पावसाळ्यात पाणी आत येते, ते रोज पुसावे लागते.