मोनेचा नकार आणि आपला नकार

नकार हा आपला शब्द. म्हणून लिझल म्युलरची ‘मोने ऑपरेशन नाकारतो’ ही इंग्रजी कविता मी पुन्हा पुन्हा वाचली. बाई मूळची जर्मन, नाझी राजवटीतून १९३९ साली अमेरिकेत आलेली. कवितेत म्हातारा फ्रेंच चित्रकार क्लॉद मोने डॉक्टरशी बोलतो. डॉक्टर ज्याला डोळ्याचा दोष म्हणतो, ती आपली आयुष्यभराची कमाई आहे, असं तो ठणकावतो.

इथवर कविता आपली वाटते. आपण लिहू लागलो तेव्हा पांढरपेशा समीक्षकांनीही आपल्या भाषेत दोषच काढले. कुणाचं बघणं शुद्ध हे ठरवणारा तू कोण, हा सवाल मोनेचाही आहे नि आपलाही.

पण दोस्तहो, इतिहास तपासा. मोनेला मोतीबिंदू झाल्याचं १९१२ साली निघालं. ऑपरेशनच्या भीतीनं तो टाळत राहिला. रंग ओळखू येईनात तेव्हा ट्यूबांवरची नावं बघून, पॅलेटवर रंगांच्या जागा ठरवून त्यानं काम रेटलं. चित्रं मनासारखी उतरेनात तेव्हा काही फाडून टाकली. शेवटी १९२३ साली उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. नाकारलं ते डाव्याचं. मग रंगीत काचांचा चष्मा लावून तो पुन्हा कमळांच्या प्रचंड चित्रांपुढं उभा राहिला.

हे राबणं कवितेत नाही. तिथं आजार म्हणजे जणू वरदान. माझं भांडण इथं आहे. मोनेला घर, बाग, बागेला माळी. माजी पंतप्रधान क्लेमांसो, त्याचा दोस्त, ऑपरेशन कर म्हणून मागं लागलेला. त्याला नकार परवडत होता. वस्तीतल्या म्हातारीला मोतीबिंदू झाला तर तिची मजुरी जाते. तिच्या अंधाराला कविता म्हणायचं काय?

आपल्यातही जखम दागिन्यासारखी मिरवणारी कविता येते. बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखायचे, नजर अधू होत चाललेली. त्यांनी दुखण्याचं कौतुक केलं नाही. उपचार घेतले नि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहिला. ५ डिसेंबर १९५६ च्या शेवटच्या रात्रीही त्याच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी मागून घेतले.

म्युलरची कविता जरूर वाचा. पण नकार द्यायचा तो आपल्याला खोटं ठरवणाऱ्याला, इलाजाला नव्हे. आपली भाषा हा आजार नव्हता, तिला इलाज नको. जात हा आजार आहे. तो आपल्या डोळ्यात नाही, समाजाच्या डोळ्यात आहे. ते ऑपरेशन नाकारून चालणार नाही.