अचल हिमालय आणि आपले वाङ्मय

मराठी माणसाचा हिमालय उत्तरेपेक्षा त्याच्या भाषेतच अधिक उभा आहे. गांधीजींनी आपल्या चुकीला हिमालयाची उपमा दिली आणि तेव्हापासून आपल्याकडे प्रत्येक मोठी चूक हिमालयाएवढी झाली. १९६२ साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हटले. कोणी संकटात डगमगला नाही, की तो हिमालयासारखा अचल! या साऱ्या प्रयोगांत गृहीत एकच, की बाकी काहीही बदलो, तो पर्वत आणि त्यावरचे बर्फ बदलणार नाही. बर्फापुरते हे गृहीत आता खरे उरलेले नाही, आणि आपल्या वाङ्मयाने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही, असे माझे म्हणणे आहे.

गोमुख हा एकच शब्द घ्या. आपल्याकडे महादेवाच्या देवळापाशी कुंड असते, त्यात दगडी गाईच्या तोंडातून पाणी पडते. पणजोबांनी पाहिले तेथेच ते पणतूला दिसते. भागीरथीचे गोमुख मात्र दगडाचे नाही. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचे ते खालचे टोक, बर्फातली गुहा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जॉन ऑडन यांनी १९३५ साली त्या टोकाची मोजणी केली. तेव्हापासून ते वर्षाला सरासरी वीसेक मीटर मागे हटत आले आहे. 'मागे हटणे' याने मात्र गैरसमज होऊ नये. बर्फ काही उलटे चढत नाही. ते आपल्या भाराने खालीच वाहते. पण वर हिमवर्षावाने जितके जमा होते त्याहून खाली वितळून खर्च अधिक, म्हणून टोक वर वर जाते. जमाखर्चाची वही ज्या घरात आहे, तेथे हे फोड करून सांगायला नको. कोळसा आणि तेल जाळून माणसाने हवा तापवली, आणि हा खर्च वाढला.

हे जॉन ऑडन म्हणजे इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे थोरले बंधू. एकाच घरातला एक भाऊ शब्द मोजीत होता, दुसरा बर्फ. आपल्या हिमालयविषयक लेखनात या दोन भावांची भेटच होत नाही, हीच माझी तक्रार.

आम्हा वर्धेकरांना तर ही तक्रार करण्याचा थोडा अधिकार आहे. विनोबा १९१६ साली घर सोडून निघाले ते हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती यांच्या ओढीने. दोन्ही त्यांना गांधीजींपाशी सापडली, आणि पुढे आयुष्याचा मोठा भाग पवनारला धाम नदीकाठी गेला. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर १९१२ साली स्वामी आनंदांसारख्या सोबत्यांबरोबर हिमालय हिंडले. त्या प्रवासाचे पुस्तक त्यांनी लिहिले ते गुजरातीत, आणि नंतरच्या काळात ते वर्ध्यास राहून राष्ट्रभाषेचे काम करीत होते. यात्रेकरूची श्रद्धा आणि निसर्गवेड्याची नजर त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती. अशा लेखकाकडे बर्फाची मोजमापे मागणे हा अन्याय होईल. त्यांच्या काळी बर्फ चिरंतन मानणे ही श्रद्धा होती. आज ते तसेच मानणे हा आळस आहे.

हा आळस आपल्या चारधामाच्या प्रवासवर्णनांत भरपूर आढळतो. थंडी, खेचर, घोडेवाल्याशी घासाघीस, दर्शनाची रांग आणि शेवटी 'धन्य झालो'. बर्फ असते ते पाठीमागच्या पडद्यासारखे. मग जून २०१३ मध्ये केदारनाथावर अतिवृष्टी होते, चोराबारी हिमनदीजवळच्या तलावाचा बांध फुटतो, आणि पडदाच अंगावर येतो. त्यानंतर आपण विलापिका लिहितो. पण त्या तलावापाशी बर्फ, दगडगोटे आणि पाणी कसे साठले होते, हे त्या विलापिकेत शोधून सापडत नाही.

दुसरा दोष अत्युक्तीचा, आणि तो केवळ साहित्यिकांचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होण्याचा संभव वर्तवला होता. ते विधान निराधार ठरले आणि जानेवारी २०१० मध्ये समितीला तसे मान्य करावे लागले. एका चुकीच्या सालाने कितीतरी खऱ्या आकड्यांवरचा विश्वास उडवला. वस्तुस्थिती पुरेशी गंभीर आहे. नेपाळमधील 'इसिमोड' या संस्थेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झिजल्या. गंगा उद्या आटेल असे मात्र कोणी लिहू नये. तिच्या एकंदर पाण्यात मोठा वाटा पावसाचा आहे. उगमाजवळच्या गावांना आणि सिंधूच्या खोऱ्याला बर्फाचा आधार फार मोठा, आणि तेथील माणसांची काळजी खरी आहे.

मग लिहावे कसे? आइसलँडमध्ये 'ओक' नावाची हिमनदी इतकी झिजली की तिला हिमनदी म्हणणे सोडून द्यावे लागले. २०१९ साली तेथे एक स्मृतिफलक बसवला, त्याचा मजकूर आंद्री स्नायर माग्नासोन या लेखकाने लिहिला. पुढच्या पिढ्यांना उद्देशून चार ओळी, खाली महिना, वर्ष आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण. अश्रू नाहीत, आरडाओरडा नाही. शब्द मोजणारा आणि बर्फ मोजणारा तेथे भेटले.

आपल्याला हे परके वाटू नये. आमची वर्धा नदी सातपुड्यात मुलताईकडे उगवते. तिला बर्फ ठाऊक नाही. पण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की इथला शेतकरी विहिरीत डोकावतो आणि सांगतो, गेल्या साली वैशाखात जी कपार उघडी पडली, ती यंदा चैत्रातच दिसली. त्या एका वाक्यात तिथी आहे, खूण आहे आणि धास्तीही आहे. आपल्या प्रवासलेखकांनी एवढेच करावे. भक्ती ठेवावी, खेचरही ठेवावे. पण कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, कोणत्या खडकापाशी बर्फ संपले होते, तेही लिहावे. पुढे कोणाचे नातवंड ते पुस्तक घेऊन त्याच वाटेने चढेल, तेव्हा किती गेले आणि किती उरले, हे त्याला समजले पाहिजे.