श्रेयनामावलीचे व्याकरण

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत गुलमंडीच्या चौकाभोवती जी स्थलनामे ऐकू येतात, त्यांत व्यवसायनामांचा भरणा विशेष आहे. रंगारगल्ली, सराफा, कासारी बाजार, कुंभारवाडा ही नावे सहज आठवणारी. मलिक अंबराने १६१० साली वसविलेल्या खडकीपासून आजच्या महानगरापर्यंत या शहराची नावे बदलली, राज्यकर्ते बदलले, दुकानांतील मालही बदलला. पण गल्ल्यांची नावे बहुतांशी टिकली. या नावांची घडण लक्षपूर्वक पाहिली असता तीत दोन निराळ्या पद्धती आढळतात. ‘गुलमंडी’ हे नाव विक्रेय वस्तूवरून आलेले आहे. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘मंडी’ म्हणजे बाजार. उलट ‘रंगारगल्ली’ हे नाव रंगावरून आलेले नसून रंगाऱ्यावरून आलेले आहे, आणि ‘कुंभारवाडा’ मडक्यांचा नसून कुंभारांचा आहे. पहिल्या पद्धतीत काम अथवा वस्तू दिसते, दुसरीत काम करणारा माणूस दिसतो. भेद लहान आहे. तथापि चित्रपटाच्या श्रेयनामावलीसारखा एक दुर्लक्षित पाठ वाचावयाचा झाल्यास हाच भेद फार उपयोगी पडतो.

श्रेयनामावली हा चित्रपटाचा भाग आहे, हे समीक्षकांना सहसा मान्य नसते. कथानक, संवाद, अभिनय आणि दिग्दर्शन यांची चर्चा करून समीक्षा संपते. आरंभी व अखेरीस पडद्यावरून सरकणारी नावांची यादी केवळ व्यवहाराची बाब मानली जाते. वस्तुतः चित्रपट कोणी केला, या प्रश्नाला स्वतः चित्रपटाने दिलेले उत्तर ते हेच. म्हणून त्याचे व्याकरण तपासणे अप्रस्तुत नाही.

मराठी चित्रपटांची श्रेयनामावली सामान्यतः तीन स्तरांत विभागलेली आढळते. पहिल्या स्तरावर भाववाचक नामे येतात : छायालेखन, संकलन, ध्वनिमुद्रण, कलादिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा. प्रत्येकासमोर एक किंवा दोन व्यक्तिनामे असतात. येथे कलेचे नाव अमूर्त आहे, संस्कृताश्रित आहे, आणि त्या कलेचा जणू एकच धनी आहे. दुसऱ्या स्तरावर ‘साहाय्यक’ हा शब्द येतो. येथे माणसे अनेक असतात, परंतु कामांमधील भेद मावळतो. अभिनेता चालत पुढे येत असता भिंगाचे वलय नेमके तितकेच फिरवून त्याची मुद्रा सुस्पष्ट राखणारा छायालेखनाचा साहाय्यक असतो, आणि यंत्राचे जड भाग वाहणाराही साहाय्यकच असतो. पहिल्याची चूक झाल्यास उत्तम अभिनयाचा तुकडाही टाकून द्यावा लागतो. तरी त्याच्या कौशल्याला मराठी श्रेयनामावलीत रुळलेले असे स्वतंत्र नाव नाही. तिसऱ्या स्तरावर व्यक्तिनामेही विरळ होतात. प्रकाशयंत्रे पुरविणाऱ्या व्यावसायिकाचे नाव दिसते. ती यंत्रे उंच मचाणावर चढविणाऱ्यांची नावे पुष्कळदा दिसत नाहीत. स्तर जसजसा खालचा, तसतशी माणसांची संख्या वाढते आणि शब्दांची संख्या घटते.

ही रचना भारतीय परंपरेत स्वाभाविकच आहे, असा समज होण्याचा संभव आहे. परंतु भरताचे नाट्यशास्त्र त्याला दुजोरा देत नाही. त्या ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायात नाट्यमंडळीच्या घटकांची गणना आहे. तीत सूत्रधार व नट यांच्याबरोबरच मुकुट करणारा मुकुटकार, दागिने घडविणारा आभरणकृत्, माळा गुंफणारा माल्यकृत्, वेष सिद्ध करणारा वेषकर, वस्त्रे रंगविणारा रजक आणि लाख, दगड, लोखंड, लाकूड यांची कामे करणारा कारुक यांचा नामनिर्देश आहे. यांतील बहुतेक संज्ञा ‘-कार’, ‘-कर’ किंवा ‘-कृत्’ यांनी सिद्ध झालेल्या, म्हणजे कर्तृवाचक आहेत. माळ गुंफणे हे काम माळ गुंफणाऱ्याशिवाय सांगितलेले नाही. गुलमंडीची फुले, सराफ्यातील दागिने आणि रंगारगल्लीतील रंगारी ही सारी एका अर्थाने भरताच्या नाट्यमंडळीत सामावलेली आहेत. आणि तेथे त्यांना रंगारगल्लीच्या पद्धतीने, म्हणजे कर्त्याच्या नावाने, स्थान मिळाले आहे. समाजव्यवस्थेत या कारागिरांना मान होता, असा निष्कर्ष यावरून काढणे धाडसाचे ठरेल. मुद्दा एवढाच, की शास्त्रकाराला त्यांची गणना केल्यावाचून नाट्याचे वर्णन पुरे झाले असे वाटले नाही.

मराठी चित्रपटाचा आरंभही कारागिरांच्या हातून झाला, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये दादासाहेब फाळके यांनी आज अनेक विभागांत वाटली गेलेली कामे एकहाती सांभाळली. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांच्या हाती होता. सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडीत, रसायनांच्या कामात हातभार लावीत, आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही करीत. यांतील पहिली दोन कामे आज तंत्र म्हणून आणि तिसरे निर्मितिव्यवस्था म्हणून ओळखले जाईल. इतिहासात मात्र ही तिन्ही कामे दीर्घकाळ ‘पत्नीची साथ’ या एकाच शब्दप्रयोगात गुंडाळली गेली. नातेवाचक शब्द व्यवसायवाचक शब्दाची जागा घेतो, तेव्हा कामाचे मोल कसे अदृश्य होते, याचे हे पहिले उदाहरण. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटाचे मोठे श्रेय हे, की त्याने ही साथ श्रम म्हणून दाखविली. त्याच्या शीर्षकातील ‘फॅक्टरी’ हा शब्द विनोदाने आला असला, तरी चित्रपट हा श्रमविभागावर उभा असलेला उद्योग आहे, हे सत्य तो नेमके सांगतो.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. लोकांनी दिलेले नाव पेंटर. दोन्ही शब्द व्यवसायवाचकच. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या या कलावंताने देशी बनावटीचा कॅमेरा सिद्ध करण्याच्या खटपटीत मोठा वाटा उचलला आणि ‘सैरंध्री’ (१९२०) निर्माण केला. येथे व्यवसायनाम हेच विशेषनाम झाले. कारागीर आणि कर्ता यांत अंतर उरले नाही. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचे भागीदार झाले. प्रभातमध्ये दामले ध्वनिलेखनाचे व फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे जाणकार म्हणून ओळखले जात. आणि त्या दोघांनी मिळून ‘संत तुकाराम’ (१९३६) दिग्दर्शित केला.

‘संत तुकाराम’चा गौरव १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात झाला, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या यशाची चर्चा बहुधा विष्णुपंत पागनीस यांच्या तन्मय भूमिकेपाशी थांबते. त्या भूमिकेची थोरवी निर्विवाद आहे. परंतु देहूचे घर, अंगण व वाट यांचा जो साधा, अनलंकृत विश्वसनीयपणा त्या चित्रपटात आहे, तो कलादिग्दर्शकाच्या दृष्टीतून आला आहे; आणि गायन हे प्रसंगाला जोडलेले न वाटता प्रसंगाच्या आतून उमटल्यासारखे वाटते, त्यामागे ध्वनीची जाण असलेला कान आहे. पागनीसांची तन्मयता सुटी उभी राहत नाही. तिला घर आणि आवाज हवा असतो. मराठी चित्रपटाच्या शिखरकृतींपैकी एक कृती पडद्यामागील दोन कसबांच्या संयोगातून सिद्ध झाली, असे म्हणण्यास हरकत नसावी. समीक्षेत मात्र ‘दिग्दर्शकाने प्रकाशाचा उपयोग केला’, ‘दिग्दर्शकाने शांतता टिपली’ अशी वाक्ये सरसहा लिहिली जातात. क्रियापदे दहा जणांची असतात, कर्ता एकच राहतो. १९५० नंतर फ्रेंच समीक्षेने दिग्दर्शकाला लेखकाचे स्थान दिले, त्याचा हा उशिरा पोहोचलेला परिणाम असेल. पण त्या भूमिकेने अन्य कर्त्यांची नावे पुसण्याची परवानगी दिलेली नाही.

श्रेयनामावलीची भाषा अशी विरळ असली, तरी चित्रणस्थळावरची बोली तशी नाही. तेथे ‘लाईटमन’, ‘फोकस पुलर’, ‘बूम’ धरणारा, ‘कंटिन्युइटी’ पाहणारा असे नेमके शब्द प्रचारात आहेत. चित्रण कथाक्रमाने होत नसल्यामुळे, मागील प्रसंगात कळशी कोणत्या हातात होती, हे आठ दिवसांनंतरही लक्षात ठेवणारे कोणी तरी लागते. ‘कंटिन्युइटी’ हा शब्द त्या जबाबदारीचा आहे. याच बोलीत ‘स्पॉटबॉय’ हा शब्द आहे आणि त्याच माणसाला उद्देशून ‘स्पॉटदादा’ हाही शब्द आहे. पन्नाशीच्या गृहस्थाला ‘बॉय’ म्हणणारी संज्ञा त्याला आयुष्यभर पोरगा ठेवते. ‘दादा’ हा शब्द त्याला वडीलपण देतो, आणि त्याबरोबर ‘आले’, ‘गेले’ असे आदरार्थी बहुवचनही मिळवून देतो. ‘मेकअपदादा’ हा प्रयोगही तसाच. इंग्रजीत प्रकाशविभागाच्या प्रमुखास ‘गॅफर’ म्हणतात, तो शब्दही मुळात धर्मपित्याच्या नात्यावरून, वडीलधाऱ्या पुरुषासाठी आलेला आहे. म्हणजे नात्यात बोलण्याची प्रवृत्ती केवळ मराठीची नाही. मात्र ‘दादा’ या संबोधनाला एक मर्यादा आहे : ते आदर देते, नाव देत नाही. दादांचे नाव विचारण्याची गरजच ते संपवून टाकते.

नाव नसणे ही केवळ भाषिक उणीव नव्हे, हे कायद्याच्या इतिहासावरून दिसते. १९८१ च्या केंद्रीय कायद्याने ‘चित्रपट कामगार’ या संज्ञेची व्याख्या केली. तीत कलावंतांबरोबर कुशल, अकुशल, शारीरिक, देखरेखीचे, तांत्रिक व कलात्मक अशा सर्व प्रकारच्या कामांचा समावेश झाला आणि लेखी करारावाचून कामावर ठेवण्यास मनाई झाली. २०२० च्या संहितेत त्या संज्ञेची जागा ‘दृक्‌श्राव्य कामगार’ या संज्ञेने घेतली. व्याख्येत जो बसतो त्यालाच संरक्षण मिळते. म्हणून व्याख्या हा भाकरीचा प्रश्न असतो. त्याहून तीव्र उदाहरण रंगभूषेचे. मुंबईतील या व्यवसायाच्या संघटनेत अनेक दशके स्त्रियांना केशभूषाकार म्हणून प्रवेश होता, रंगभूषाकार म्हणून नव्हता. चारू खुराना यांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी हा निर्बंध घटनाबाह्य ठरविला. ब्रश हाती धरण्याचे कौशल्य स्त्रीपाशी होते. कमी होती ती एका कर्तृवाचक नामाची. ‘रंगभूषा’ हे भाववाचक नाम स्त्रीलिंगी असूनही ‘रंगभूषाकार’ होण्याचा अधिकार स्त्रीला नव्हता, ही विसंगती व्याकरणाच्या अभ्यासकाला अंतर्मुख करणारी आहे.

भाषा संचालनालयाने १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पदनाम कोशाने शासकीय पदांसाठी मराठी नावे सिद्ध केली. त्या कोशातील काही शब्द क्लिष्ट ठरले, त्यांची थट्टाही झाली; परंतु पदाला मराठी नाव असावे, हे तत्त्व रुजले. चित्रपटाच्या पडद्यामागील कामांसाठी तसाच कोश वरून लादावा, असे येथे सुचवावयाचे नाही. ‘फोकस पुलर’ला एखादे अवजड संस्कृत नाव दिल्याने त्याचे नाव पडद्यावर येणार नाही. आवश्यक आहे ते चित्रणस्थळी प्रत्यक्ष वापरातील शब्दांचे संकलन, कामाच्या वर्णनासह आणि ते शब्द वापरणाऱ्यांच्या साक्षीने. १९५८ साली स्थापन झालेल्या येथील विद्यापीठात भाषा आणि नाट्य या दोन्ही विषयांचे अध्यापन होते. या शहरातून रंगभूमीवर व चित्रपटात गेलेल्यांची परंपराही आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने हाती घ्यावे असे हे काम आहे, आणि ते होण्यास विलंब लागला तर यंत्रांबरोबर शब्दही बदलून जातील.

रंगारगल्लीत आज कोणी रंगारी आहे की नाही, याने त्या नावाचे मोल कमी होत नाही; तेथे एके काळी हात रंगविलेली माणसे राहत होती, ही साक्ष ते नाव देत राहते. श्रेयनामावलीकडून अपेक्षा याहून अधिक नाही. चित्रपटाचा बाजार गुलमंडीसारखा गजबजलेला असावा. त्याला लागून एक रंगारगल्लीही असावी.