शुक्रवार सोडून उरलेले दिवस

कॉलेजात असताना 'द क्युअर'चं 'फ्रायडे आय'म इन लव्ह' लावून मी त्याच्यासोबत गिटार वाजवायला बसलो होतो. कॉर्ड्स सोप्या, नवशिक्यालाही जमाव्यात अशा. तरी जमेना. ट्यूनर अ‍ॅप सांगत होतं की तारा बरोबर लागल्यात, आणि कान सांगत होते की काहीतरी चुकतंय. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की मी गाण्याच्या वर, काढला की गाण्याच्या खाली. तासाभराने गिटार पलंगावर टाकली आणि दोष स्वतःच्या कानाला दिला.

पुढे कधीतरी कारण वाचलं. बँडचा गायक आणि गीतकार रॉबर्ट स्मिथ स्टुडिओत टेपचा वेग कमी-जास्त करून बघत होता. तो वेग पूर्ववत करायचा राहून गेला आणि अख्खं गाणं क्वार्टर टोनने चढं झालं. म्हणजे गिटारच्या दोन लगतच्या फ्रेटमधल्या अंतराच्या निम्म्याने. डी मेजर आणि तिच्या लगेच वरची पट्टी यांच्या मधोमध ते लटकलंय. १९९२च्या मे महिन्यात सिंगल म्हणून आलं तेही तसंच.

हे कळल्यावर मी गाणं पुन्हा ऐकलं, आणि पहिल्यांदाच शब्दांकडे नीट लक्ष दिलं.

दर शुक्रवारी हे गाणं कुणाच्या ना कुणाच्या स्टेटसला असतं. लॅपटॉप बंद झाला, वीकेंड आला, टाका गाणं. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये त्याचा कोरसच ऐकू येतो, त्यामुळे ते नुसतं उड्या मारणारं गाणं वाटतं. पण सलग साडेतीन मिनिटं ऐका. सोमवार ते गुरुवार या चार दिवसांची हजेरी त्यात पुन्हा पुन्हा घेतली जाते, आणि दर फेरीत त्यांची अवस्था बिघडत जाते. आधी नुसतेच उदास रंग आहेत, मग मोडून पडणं आहे, मग अंथरुणातून न उठणं. शनिवार-रविवारही धड नाहीत. एक रेंगाळतो, दुसरा उशिरा पोचतो. सातातला एकच दिवस या माणसाच्या वाट्याला आलाय आणि त्याला ते पक्कं ठाऊक आहे. वर गिटारी खळखळत असतात म्हणून आपण हा हिशेब ऐकत नाही, एवढंच.

हा हिशेब कुणी लिहिलाय तेही बघायला हवं. इंग्लंडमधल्या क्रॉलीसारख्या लहान गावातून आलेल्या या बँडने १९८२मध्ये 'पॉर्नोग्राफी' नावाचा अल्बम काढला होता. त्याची सुरुवातच सगळं निरर्थक आहे इथून होते आणि पुढे फारशी सुटका नाही. १९८९चा 'डिसइन्टिग्रेशन' तर अनेकांच्या लेखी दुःखाचा संदर्भग्रंथच. मधल्या काळात 'द लव्हकॅट्स'सारखी खेळकर गाणीही त्यांनी केली होती, तरी 'काळे कपडे, विस्कटलेले केस, लिपस्टिक' ही ओळख काही पुसली गेली नाही. आणि मग 'विश' अल्बममधून हे गाणं आलं. ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, अमेरिकेत अठराव्या. टिम पोपने दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओत रंगवलेले पडदे मागे बदलत राहतात आणि बँड शाळेच्या गॅदरिंगमधल्या पोरांसारखा समोर वस्तूंशी खेळत बसतो. आनंद हे इथे उघडउघड उभारलेलं नेपथ्य आहे. पडदा कापडाचा आहे हे लपवायचा कुणी प्रयत्नही करत नाही.

यावर एक आक्षेप मलाच बरीच वर्षं पटत होता. ज्यांनी 'डिसइन्टिग्रेशन' केला त्यांनी हे का करावं? आपल्याकडे गंभीर वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यांत एक न बोललेला नियम असतो: दुःखी ते दर्जेदार, आनंदी ते बाजारू. मीही तो पाळत होतो. हे गाणं आवडतं, पण चारचौघांत सांगायचं नाही.

तो नियम मोडला माझ्या पहिल्या नोकरीने. पुण्यात एका कंपनीच्या सपोर्ट टीममध्ये रात्रपाळी होती आणि साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. ती दुसरीकडे कामाला, तिची सुट्टी रविवारी. आमच्या दोघांच्या वेळा जुळायच्या त्या फक्त सोमवारी रात्री, तिची पाळी संपल्यावर. गाण्यातला सगळ्यात वाईट दिवस हा आमचा शुक्रवार होता. रात्री दीड वाजता स्टेशनजवळच्या गाडीवर ती भुर्जी-पाव खायची, दिवसभराची भूक एकदम काढत, आणि मी चहा घेऊन नुसता बघत बसायचो.

गाण्याच्या मधोमध एक तुकडा आहे, तिथे वारांची हजेरी थांबते. प्रेम कसं असतं, किती असतं, असलं काही तिथे येत नाही. येतं ते नटूनथटून आलेलं एक माणूस, आणि मध्यरात्री त्याला खाताना बघण्यातलं सुख. प्रेमगीतांत माणसं चंद्र बघतात, डोळे बघतात. जेवताना कोण कुणाला बघतं? पण थकलेल्या आठवड्यात एवढंच तर हाती लागतं. हे लिहिणाऱ्याला बाकीचे सहा दिवस माहीत होते, म्हणूनच हा तपशील त्याला सापडला असणार. नुसत्या आनंदी माणसाला तो सुचला नसता असं मला वाटतं.

आमच्या वेळा पुढे बदलल्या आणि आम्हीही वेगळे झालो. गाणं मात्र खोटं ठरलं नाही, कारण त्याने कायमचं काही कबूल केलंच नव्हतं. एका दिवसाबद्दलच बोललं होतं.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये 'द क्युअर'चा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आला. स्मिथ ६५ वर्षांचा होता. अल्बम मृत्यूने भरलेला. त्यातलं एक गाणं त्याच्या गेलेल्या भावासाठी आहे. 'विश'नंतर ३२ वर्षांनी बँड पुन्हा ब्रिटनच्या अल्बम यादीत पहिला आला. त्याआधी २०२२-२३च्या दौऱ्यात यातली काही नवी गाणी ते वाजवत होते, आणि त्याच कार्यक्रमांच्या शेवटच्या एन्कोरमध्ये हा शुक्रवारही यायचा. मी रेकॉर्डिंग पाहिलंय. आधी दोन-अडीच तास अंधारात उभी असलेली माणसं हेच गाणं सगळ्यात मोठ्याने गातात.

परवा गिटार परत काढली. आता युक्ती माहीत आहे: ट्यूनर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ४४० हर्ट्झच्या जागी साधारण ४५३ टाकायचं आणि सगळ्या तारा थोड्या चढ्या लावायच्या. मग जुळतं. गाणं संपलं की तारा पुन्हा उतरवाव्या लागतात, नाहीतर दुसरं काहीच वाजवता येत नाही.