बिब्ब्याचे शोधन आणि कर्करोगविरोधी संशोधन : एक चिकित्सा

बिब्बा उतण्याची धास्ती ग्रामीण महाराष्ट्राला नवी नाही. अंगावर फोड आणणाऱ्या याच फळाला चरकसंहितेने रसायनप्रकरणात स्थान दिले. मात्र औषधात वापरण्यापूर्वी त्याचे शोधन आवश्यक मानले जाते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई(१) अनुसूचीतही भल्लातकाची गणना विषारी द्रव्यांत आहे. असे असता, बिब्ब्याच्या कर्करोगविरोधी गुणांची चर्चा करणाऱ्या अनेक शोधनिबंधांत शोधनाची बाब एका वाक्यात उरकली जाते. ही उणीव केवळ तपशिलाची नव्हे.

शोधनाच्या एका प्रचलित पद्धतीत फळे गोमूत्रात व गोदुग्धात भिजवतात, मग विटेच्या चुऱ्यात घासून गरम पाण्याने धुतात. चुरा तेल शोषून घेतो. या तेलात भिलावनॉल ही कॅटेकॉल वर्गातील संयुगे असतात. त्यांच्या ऑक्सिडीकरणातून बनणारी क्विनोन त्वचेतील प्रथिनांशी जोडली जातात आणि फोड उठतात. पेशीसंवर्धनात कर्कपेशी मारण्याचे श्रेयही पुष्कळदा फळातील फिनॉलवर्गीय घटकांनाच दिले जाते. जे विष म्हणून काढायचे, त्याच्याच बळावर गुण सिद्ध करायचा, असा हा पेच आहे. अशोधित फळाच्या अर्काने कर्कपेशी अधिक मेल्या, एवढ्यावरून शोधनाने गुण घटला असे म्हणणे उतावळेपणाचे होय. तेवढ्याच मात्रेत निरोगी पेशीही मरत असतील, तर ती निव्वळ दाहकता ठरते. म्हणून दोन्ही प्रकारच्या पेशींना मारक ठरणाऱ्या मात्रांचे गुणोत्तर शोधनापूर्वी आणि शोधनानंतर मोजले गेले पाहिजे. अशा निबंधाची बातमी वाचून एखादा रुग्ण कच्चा बिब्बा पोटात घेऊ शकतो, हेही विसरता येत नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी अफ्लाटॉक्सिनने यकृताचा कर्करोग उत्पन्न केलेल्या उंदरांवर बिब्ब्याचा दुग्धार्क तपासला. निष्कर्ष अनुकूल होते. त्यांचे महत्त्व मान्य करूनही दूध हे येथे निव्वळ माध्यम मानता येत नाही. भिलावनॉल स्निग्ध पदार्थांत विरघळते, पाण्यात फारसे नाही; त्यामुळे जलीय, मद्यार्कयुक्त आणि दुग्धसिद्ध अर्क ही व्यवहारतः तीन निरनिराळी द्रव्ये होत. त्यांच्या परिणामांची एकाच तक्त्यात तुलना करण्याचा प्रघात सोयीचा असेल, शास्त्रीय नाही.

‘शुद्ध भल्लातक’ या लेबलाचेही तेच. चुऱ्याचे प्रमाण, घासण्याचा काळ आणि शेवटी उरलेले भिलावनॉल यांची नोंद नसेल, तर दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच प्रयोग पुन्हा करायचा कसा?