रहस्यपटाचा पुरावा आणि निकाल

हैदराबादेत पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुलतान बाजारच्या परिसरात, जेथे १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनी या शिक्षणसंस्थेने निजामी अमलातही मराठी विद्येची परंपरा राखली, तेथील मराठी रसिकाला तेलुगू, हिंदी आणि मराठी रहस्यपट शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय आपोआपच लाभली आहे. आणि तसे पाहू जाता असे दिसते की, अखेरीस प्रेक्षकाला चकित करण्याची हौस सर्वत्र वाढली असली, तरी त्या कलाटणीचा पुरावा आधीच दप्तरी दाखल करण्याची जबाबदारी फार थोडे दिग्दर्शक पत्करतात.

राजा परांजपे यांनी ती जबाबदारी १९६४ साली ‘पाठलाग’मध्ये पत्करली होती. पत्नीचा मृत्यू प्रत्यक्ष अनुभवलेल्या वकिलासमोर तिच्याच चेहऱ्याची एक आरोपी स्त्री उभी राहते, मी तुमचीच पत्नी अशी जबानी देते, संसारातल्या खाजगी हकिगती सांगते. आणि त्या वकिलाप्रमाणेच आपणही तिला खोटी ठरवतो. मृत स्त्री ही जुळी बहीण होती, हे उघड होते तेव्हा आयत्या वेळी आणलेल्या साक्षीदारामुळे नव्हे, तर आपल्याच डोळ्यांच्या साक्षीवर ठेवलेल्या अवाजवी विश्वासामुळे आपण फसलेले असतो. राज खोसला यांना त्यावरून ‘मेरा साया’ काढावासा वाटला, यात नवल नाही.

हेच इमान निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’मध्ये (२०१५) आढळते. मूळ कथा जीतू जोसेफ यांच्या मल्याळम चित्रपटाची. पण गोव्यातल्या विजय साळगावकराचा डाव कामतांनी विलक्षण संयमाने मांडला. साक्षीदार खोटे बोलत नाहीत. त्यांच्या स्मृतीतली तारीख तेवढी बदललेली असते. ज्या नव्या पोलीस ठाण्यात नायक आरंभीच बसलेला दिसतो, त्याच्याच जमिनीखाली मुद्देमाल पुरलेला असावा, यापरता उघडा पुरावा कोणता? या मराठी दिग्दर्शकाचे २०२० साली हैदराबादेतच निधन झाले.

तेलुगू चित्रपटाने अलीकडे या प्रांतात मोठी उमेद दाखवली आहे. ‘क्षणम्’मध्ये (२०१६) हरवलेली मुलगी मुळात अस्तित्वात होती काय, हाच संशय तहकिकातीच्या केंद्रस्थानी येतो. एका स्पॅनिश चित्रपटावर बेतलेला ‘एवरु’ (२०१९) मात्र एकच हकिगत इतक्या वेळा उलटीपालटी करतो की, खरा निकाल लागेपर्यंत कोणत्याच जबानीवर श्रद्धा उरत नाही. आणि जेथे श्रद्धा नाही, तेथे विश्वासघाताचा आनंदही संभवत नाही.

मराठीची अवस्था याहून खिन्न करणारी आहे. निखिल महाजन यांच्या ‘पुणे ५२’मध्ये (२०१३) नव्वदीच्या आरंभीचे शहर, त्यातला खाजगी गुप्तहेर आणि पैशाची नवी भूक यांचे वातावरण अस्सल उतरले, परंतु त्या वातावरणाच्या नादात प्रकरणाची गाठ सैल पडली. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांवर पोसलेल्या भाषेत कल्पकतेचा दुष्काळ आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल. उणीव आहे ती पटकथेच्या छाननीची. निर्मात्यांनी चित्रीकरणापूर्वी पटकथा शेवटाकडून आरंभाकडे एकदा वाचून काढावी, आणि कलाटणीला आधार देणारा प्रसंग पूर्वार्धात सापडला नाही, तर ती पटकथा निःसंकोच परत करावी.